तिजोरीला कुलूप लावा, वेशीला नको: ॲप स्टोअर, एपीके आणि आपला फोन

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. अडखळणं आणि मधला चहा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सोलापुरातून, घरच्याच खोलीतून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या, तो बंद केला तर मीच बंद पडेन.

आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी प्ले स्टोअर सोडून बाहेरून ॲप टाकलंय? खरं सांगा. जुलै २०२२ मध्ये सरकारच्या आदेशानं बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधले दहा महिने आपल्या गल्लीतली पोरं काय ल्युडो खेळत होती? नाही ना. कुणीतरी एपीके फाइल पाठवायचं, आपण टाकायचो. तर ही जी बाहेरून ॲप टाकायची वाट आहे, तिच्यावर सध्या जगभर भांडण चालू आहे. कोर्टात, सरकारी आयोगात, कंपन्यांमध्ये. आणि आपल्या घरातही. आमच्या घरात तर नक्कीच.

दोन एपीके, एकच घर

पहिली गोष्ट बाबांची. एके दिवशी त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तुमच्या गाडीचं चलन फाटलंय, पावती बघण्यासाठी ही फाइल उघडा. नंबर ओळखीचा नव्हता, पण मेसेजमध्ये गाडीचा नंबर बरोबर होता. बाबा सरळ माणूस. त्यांना वाटलं, खरंच सिग्नल तोडला असेल. फाइल उघडली, फोननं दोन-तीन वेळा काहीतरी विचारलं, त्यांनी 'हो हो' केलं. रात्री झोपले. सकाळी खात्यातून बेचाळीस हजार गेलेले.

मला फोन आला तेव्हा ते पैशाबद्दल कमी आणि "माझंच चुकलं रे" हेच जास्त बोलत होते. ते ऐकायला फार वाईट वाटतं. आम्ही १९३० ला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. थोडे पैसे अडवता आले, बरेचसे गेले.

दुसरी गोष्ट मामाची. मामाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमचा कारखाना. टॉवेल निघतात. कामगारांचा हिशेब वहीत: कुणी किती नग काढले, किती उचल घेतली, आठवड्याला किती द्यायचे. दर आठवड्याला वाद. मी दोन रविवार बसून एक छोटं ॲप बनवलं. मराठीत आणि तेलुगूत, कारण आपल्याकडे निम्मे विणकर घरात तेलुगू बोलतात. एपीके बनवली, कारखान्याच्या ग्रुपवर टाकली. चौदा माणसं वापरणार, त्यासाठी स्टोअरवर कशाला जायचं?

अर्ध्या तासात मामाचा फोन. "अरे, हे लाल लाल काय येतंय बघ की! ॲप धोकादायक आहे म्हणतंय. कामगार म्हणायलेत, मालकानं व्हायरस पाठवला."

म्हणजे बघा. बाबांच्या वेळी चोराला फोननं आत घेतलं आणि माझ्या वेळी घरच्या पोराला दारात अडवलं. मला आधी खूप राग आला. मग मी नीट वाचत बसलो. आजचा भाग त्या वाचण्यातून आलाय.

बाहेरून टाकणं म्हणजे नक्की काय?

दोन मिनिटं तांत्रिक बोलतो, कंटाळू नका.

एपीके म्हणजे ॲपचं गाठोडं. त्यात कोड, चित्रं आणि परवानग्यांची यादी असते: हे ॲप कॅमेरा मागणार, ते एसएमएस वाचणार वगैरे. शिवाय त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ती सही काय सांगते? एवढंच, की पुढचं अपडेट त्याच माणसाकडून आलंय. तो माणूस कोण, कुठला, चोर की साव, हे ती सही सांगत नाही.

जुन्या अँड्रॉइडमध्ये 'अनोळखी स्रोत' असं एकच बटण होतं. चालू केलं की सगळीकडून ॲप यायला मोकळं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ते बदललं. आता प्रत्येक वाटेची परवानगी वेगळी: क्रोमला वेगळी, व्हॉट्सॲपला वेगळी. म्हणजे अँड्रॉइडमध्ये बाहेरची वाट पहिल्यापासून आहे, फक्त तिच्यावर गतिरोधक वाढत गेलेत. आयफोनमध्ये भारतात ही वाटच नाही. तिथं एकच दुकान, मालक ॲपल. युरोपात मात्र नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी दुकानं चालतात.

आणि आपल्याकडे शंभरातले साधारण पंच्याण्णव फोन अँड्रॉइडचे. त्यामुळे गुगलनं गतिरोधक कुठं टाकला आणि कुठं भिंत बांधली, हा आपल्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

मार्केट यार्डाची गोष्ट

सोलापूरकरांना हे समजवायला मला एकच जागा पुरते. हैदराबाद रोडचं मार्केट यार्ड. हंगामात शेकडो ट्रक कांदा येतो तिथं. तुमच्यापैकी कुणी ट्रॅक्टरवर बसून गेला असेल तर आडत, हमाली, तोलाई हे शब्द सांगायला नकोत.

बाजार समित्या का आल्या? १९६३ चा राज्याचा कायदा आला तो शेतकऱ्याला वाचवायला. वजनात काटामारी होऊ नये, लिलाव उघड व्हावा, पैसे बुडू नयेत. हेतू चांगलाच होता. पण माल यार्डातच विकायचा असा नियम झाला की यार्डातल्याची पकड वाढते. मग आडत किती, गाळा कुणाला, कुणाचा माल आधी लागणार, हे ठरवणारा मोठा होतो. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाल्याला यार्डाबाहेर विकायची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. व्यापाऱ्यांनी संप केला. पण यार्ड काही ओस पडलं नाही. आजही तिथं ट्रकच्या रांगा लागतात. फरक एवढाच, की न पटल्यास दुसरीकडे जायची वाट कायद्यानं उघडी झाली.

ॲप स्टोअर म्हणजे तसंच यार्ड. चांगल्या कारणानं उभं राहिलेलं. तपासणी करतं, घाण माल बाहेर काढतं. पण इथं एक गोष्ट वेगळी आहे. यार्डाचा मालक, काटा करणारा, आडत घेणारा आणि स्वतःचाही माल विकणारा, हे सगळे एकच. आणि दाराबाहेर कोण चोर आहे हे ठरवणाराही तोच.

दिल्लीतली दोन प्रकरणं

आता खटल्याकडे. २०१८ मध्ये तीन तरुणांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गुगलविरुद्ध तक्रार केली. मोठी कंपनी नाही, नेता नाही. त्यातला एक तर कायद्याचा विद्यार्थी होता. २०१९ मध्ये चौकशी सुरू झाली आणि २० ऑक्टोबर २०२२ ला आयोगानं १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, दुसऱ्या प्रकरणात आणखी ९३६.४४ कोटी. हे दुसरं प्रकरण स्टोअरच्या बिलिंगचं, म्हणजे ॲपमधली खरेदी गुगलच्याच गल्ल्यातून करायची या सक्तीचं.

दंडाचे आकडे पेपरात गाजले. मला महत्त्वाचे वाटतात ते पहिल्या आदेशातले नियम. फोन कंपनीवर गुगलच्या ॲपचा अख्खा गठ्ठा लादायचा नाही. सर्च इंजिन निवडायची मुभा द्यायची. आणि आपल्या विषयातले दोन: दुसऱ्या ॲप स्टोअरना प्ले स्टोअरमध्ये जागा द्यायची आणि बाहेरून ॲप टाकण्यावर बंधनं घालायची नाहीत.

गुगल अपिलात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती द्यायला नकार दिला, आणि गुगलला भारतात काही बदल करावे लागले. पण २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाचा निकाल आला. दंड कायम, पण नियमांमधले चार रद्द. कुठले? आत्ता सांगितलेले दोन्ही त्यात होते. दुसऱ्या दुकानांना जागा देणं गेलं, बाहेरून टाकण्याचं संरक्षणही गेलं. बिलिंगच्या प्रकरणातही मार्च २०२५ मध्ये दंड उतरून २१६.६९ कोटींवर आला. दोन्ही प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलीत.

म्हणजे "भारतानं गुगलला वठणीवर आणलं" असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा: दंड झाला हे ठीक, पण दुसरी वाट मिळाली का? तर अजून नाही.

एक दिवस ॲपच गायब

दुसरी वाट नसली की काय होतं, याचं उदाहरण १ मार्च २०२४. त्या दिवशी गुगलनं काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९ एकर्स आणि आपल्या कानाच्या धंद्यातलं कुकू एफएम. कारण? फीचा वाद.

फीचं गणित असं होतं. ॲपमध्ये डिजिटल वस्तू विकली, म्हणजे सबस्क्रिप्शन वगैरे, तर १५ ते ३० टक्के गुगलला. आयोगाच्या आदेशानंतर दुसरी पेमेंट पद्धत वापरायची मुभा मिळाली, पण तरी ११ ते २६ टक्के द्यायचेच. १०० रुपयांच्या सबस्क्रिप्शनमधले २६ रुपये आडत, आणि वर पेमेंट गेटवेचा खर्च वेगळा.

गुगलची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोलतोय. त्यांचं म्हणणं, भारतातल्या फक्त ३ टक्के डेव्हलपरना ही फी लागते, बाकीचे फुकट यार्ड वापरतात. आणि इतर लाखो डेव्हलपर नियम पाळतात, या दहाच कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसे दिले नाहीत. यात तथ्य आहे. सर्व्हर, तपासणी, अपडेट, हे काही हवेत चालत नाही.

पण नंतर काय झालं बघा. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लक्ष घातलं आणि काही दिवसांत ॲप परत आली. या कंपन्यांसाठी मंत्री धावले. उद्या पंढरपुरातल्या एखाद्या पोरीचं शिकवणीचं ॲप निघालं तर तिच्यासाठी कोण धावणार? तिच्या हातात एकच उपाय असायला हवा: "ठीक आहे, मी दुसऱ्या दुकानात जाते." तो उपाय कागदावर आहे, चालायला गेलं की अवघड होतो.

मराठी दुकान, मागच्या दारानं

का अवघड, ते सांगतो. मुंबईत आयआयटीत शिकलेल्या काही मुलांनी भारतीय भाषांसाठी एक फोन सिस्टिम बनवली होती, इंडस ओएस. पुढे फोनपेनं ती कंपनी घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला इंडस ॲपस्टोअर आणलं. इंग्रजी सोडून १२ भारतीय भाषा, त्यात मराठी. पेमेंट गेटवे तुमच्या पसंतीचा, त्यावर कमिशन नाही.

आता हे दुकान फोनवर आणायचं कसं? प्ले स्टोअरमध्ये शोधून सापडणार नाही, कारण तिथं दुसऱ्या दुकानाला जागा नाही. फोन कंपनीनं आधीच घालून दिलं असेल तर उत्तम, काही कंपन्या तसं करायला लागल्यात. नाहीतर वेबसाइटवरून एपीके उतरवायची. म्हणजे फोन विचारणार: अनोळखी स्रोत, धोका असू शकतो, खात्री आहे का?

बाबांना लुटणारी चलनाची फाइल आणि हे रीतसर दुकान, दोघांना एकाच दारातून, एकाच लाल पाटीखालून यावं लागतं. माझ्या आईला मी सांगितलंय, "लाल पाटी दिसली की मागं फिर." ती बरोबर मागं फिरते. मग स्पर्धा होणार कुठून?

पण चोर तर खरेच आहेत

आता दुसरी बाजू, कारण माझं बेचाळीस हजाराचं दुखणं ताजं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. यात जादू काही नाही. खोटं ॲप आत आलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की तुमचा ओटीपी चोराच्या फोनवर. 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मिळाली तर तो स्क्रीन वाचू शकतो आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतो. ही सोय मुळात अंध आणि अपंग लोकांसाठी केलेली, चोरांनी ती हत्यार केली.

म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलनं भारतासाठी प्ले प्रोटेक्टचा एक प्रयोग जाहीर केला. ब्राउझर, व्हॉट्सॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप या नाजूक परवानग्या मागत असेल तर ते टाकूच द्यायचं नाही.

हे वाचल्यावर माझी ट्यूब पेटली. मामाच्या ॲपमध्ये मी एसएमएसची परवानगी मागितली होती! व्यापाऱ्याचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आपोआप वाचून हिशेबात घ्यावा, ही मामाची हौस. मी ते कलम काढलं. नवी एपीके पाठवली. साधी सूचना आली आणि चौदाही फोनवर ॲप बसलं. मालकानं व्हायरस पाठवला नव्हता, पण भाच्यानं नको ती किल्ली मागितली होती, हे खरं. फोनचा संशय वाजवी होता.

कुलूप कुठं?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. घरात कोण येतंय यावर भांडण्यापेक्षा तिजोरीला कुणी हात लावायचा यावर कडक राहा. अँड्रॉइड १३ मध्ये हे सुरू झालं होतं: बाहेरून आलेलं ॲप बसतं, पण त्याला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. याला मी तिजोरीचं कुलूप म्हणतो. हिशेबाचं ॲप चालू राहतं, चोराचे हात बांधले जातात.

आता येतंय ते वेशीचं कुलूप. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं, की पुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. प्ले स्टोअरबाहेरची सुद्धा. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून इतरत्र. ओळख पटवायची कुणाकडे? गुगलकडेच. मुक्त सॉफ्टवेअरचं दुकान चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडनं याला जोरदार विरोध केला. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गुगलनं सांगितलं, की जाणकार वापरणाऱ्यांसाठी धोका पत्करून पुढे जायची एक वाट ठेवू. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्या फोनपुरतं फुकट खातंही असेल.

ओळख मागणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. बाबांचे पैसे नेणाऱ्याचं नाव कुणाकडे तरी असतं तर मला हवंच होतं. पण चोरानं भाड्याचं सिमकार्ड मिळवलं, भाड्याचं बँक खातं मिळवलं, त्याला भाड्याचं डेव्हलपर खातं मिळणार नाही का? आणि ओळख तपासणारा जर आडत घेणाराच असेल, तर फीचं भांडण झालं त्या दिवशी तो ओळख रद्द करणार नाही याची हमी कोण देणार? सध्या फक्त त्याचा शब्द. यार्डाच्या मालकानं गावाच्या वेशीवरही चौकी बसवली, तर यार्डाबाहेर विकायच्या मोकळिकीला अर्थ काय राहिला?

चौकी हवीच असेल तर तिच्यावर तक्रार ऐकणारा कुणीतरी तिसरा हवा. कारण लेखी सांगायला हवं, ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायला हवं. मंत्री धावून येण्याची वाट बघावी लागू नये.

आज तुम्ही काय करायचं?

तीन कामं, आजच करा.

एक. घरच्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जा, 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर यांच्यासमोरची परवानगी बंद करा. चलन असो, पत्रिका असो, बँकेचं केवायसी असो, कुणीही खरा माणूस ते एपीकेमधून पाठवत नाही.

दोन. कुणी फसलंच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० लावा, बँकेला कळवा. ओरडू नका. "एवढं पण कळत नाही का?" हे वाक्य गिळा. लाजेपोटी लोक दोन दिवस लपवतात, आणि तेवढ्यात पैसे पुढे जातात.

तीन. तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल तर लागेल तेवढीच परवानगी मागा. मी हे चौदा माणसांसमोर मान खाली घालून शिकलोय.

मामाच्या कारखान्यात आता वही बंद झालीय. आठवड्याचा वाद पूर्ण बंद झाला नाही, पण आता भांडताना दोघं मोबाइल पुढे करतात. परवा एका विणकर काकांनी मला विचारलं, "हे ॲप पुढच्या वर्षी पण चालणार ना ओ?" मी म्हणलं, "चालेल की काका." म्हणालो खरं, पण ते माझ्या हातात किती आहे, याचा विचार घरी येईपर्यंत करत होतो.

तुमच्याकडे असं एखादं घरगुती, गावातलं ॲप आहे का? कुणी बनवलं, कसं वाटलं, कुठं अडलं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. आणि हो, हा भाग शेअर करा, पण लिंकनं. एपीके करून पाठवू नका म्हणजे झालं!

भेटू मग. काळजी घ्या.